कोपऱ्यावरच्या दुकानाची सही

"दे इकडे, नवऱ्याची, ओटाची सही मीच ठोकते. जन्मभर त्याच्या चेकवर दुसरं कोण करत होतं?" मिसेस होलुबने पेन उचललं.

वर्लीनने घाईघाईने अर्जावर पंजा ठेवला. "असं चालत नाही हो. मिस्टर होलुबना जाऊन नऊ वर्षं झाली."

म्हातारीने खसखस भरलेल्या कोलाचे पावांची बशी उगीचच पुढे सरकवली.

क्लीव्हलँडच्या कार्व्हर स्ट्रीटवर वर्लीन टॉलिव्हरने एकतीस वर्षं टपाल वाटलं होतं. नुकतीच निवृत्त झाली, गुडघे गेले, तरी हिवाळ्याच्या तोंडावर ती पुन्हा त्याच पायऱ्या चढत होती. रस्त्याचा खास सुधारणा विभाग करायचा होता. मालकांनी थोडी जादा करपट्टी भरायची आणि त्यातून दिवे, साफसफाई, पहारा बघायचा. त्यासाठी रस्त्याला लागून असलेल्या जागांच्या एकूण लांबीपैकी साठ टक्के लांबीच्या मालकांनी सह्या करायला हव्या होत्या. आता अडलं होतं ते कोपऱ्यावरच्या होलुब हार्डवेअरपाशी. शुक्रवारी मुदत संपत होती आणि सरकारदरबारी मालक अजून ओटा होलुबच होता.

"नोंदणी कचेरीत जाऊन जागा तुमच्या नावावर करून घ्या. दस्तात वारस तुम्हीच आहात, मृत्यूचा दाखला दिला की तासाभराचं काम आहे," वर्लीन म्हणाली.

"म्हणजे तिथूनही त्याचं नाव पुसायचं." म्हातारीचा आवाज चढला. "नऊ वर्षं त्याच्या नावाची पत्रं तूच माझ्या हातात दिलीस ना? 'मिस्टर होलुबचं टपाल' म्हणायचीस. तेव्हा नाही आठवलं, तो गेलाय म्हणून?"

वर्लीनला ते वर्मी लागलं. आपण दया करतोय असंच तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"चुकलंच माझं. तुमच्या तोंडाकडे बघून जीभ रेटायची नाही."

"आणि पट्टी वाढली की मालक भाडी वाढवतील. मग गरिबाने जायचं कुठे?"

"वाढवतीलही. मी स्वतः भाड्याने राहते, मला कळत नाही का? पण माझ्या बहिणीच्या इथल्याच सलूनमधल्या बायका अंधार पडायच्या आत घर गाठतात. अर्धे केस कापून पळतील एखाद दिवशी!" वर्लीन हसली, पण डोळे भरून आले. "या रस्त्याचा दगडन् दगड मला ठाऊक आहे, मिसेस होलुब. पण इथली एक वीट माझ्या नावावर नाही. मला सही करता येत नाही. तुम्हाला येते."

वर्लीन अर्ज गुंडाळून निघाली.

शुक्रवारी सकाळी वर्लीनच्या दारावर थाप पडली. मिसेस होलुब चर्चला घालायचा काळा कोट घालून उभी होती. बगलेत मृत्यूचा दाखला होता.

"चल. परत विचार केला तर यायची नाही मी."

कचेरीत कागद देऊन दोघी बाकावर बसल्या. बऱ्याच वेळाने खिडकीतल्या मुलीने पुकारा केला, "ल्युडमिला होलुब!"

कोणीच उठलं नाही. वर्लीनही इकडेतिकडे बघू लागली. एकतीस वर्षं त्या दाराशी पत्रं दिली, पण पाकिटावर नेहमी 'मिस्टर होलुब' नाहीतर 'मिसेस ओटा होलुब'.

"ल्युडमिला होलुब आहेत का?"

"अगं बाई, मीच की!" म्हातारी लगबगीने उठली.

नोंद झाली. शेजारच्याच टेबलावर नोटरीसमोर वर्लीनने अर्ज पसरला. म्हातारीने स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर वळण देऊन काढलं. त्या सहीने साठ टक्के पुरे झाले.

अर्ज उचलायला वर्लीन वाकली, तर म्हातारीचा तळवा अजून कागदावर, आपल्या नावापाशीच होता. मागे रांग वाढत होती. कोणीतरी खाकरलं.

वर्लीन तशीच थांबली.