ताईंच्या हातचा काढा

तिने निगुतीने केलेलं सूप नवरा दोन चमच्यांत बाजूला सारायचा. ताईंचा कडूजहर काढा मात्र घटाघटा प्यायचा, वर म्हणायचा, "ताईच्या हाताला गुण आहे." ते ऐकलं की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. केमो सुरू झाल्यापासून काढ्याची बाटली आणि ताकदीच्या हिरव्या गोळ्या घेऊन रोज हजर. उलट्या, बादल्या, जागरणं बायकोच्या वाट्याला आणि कौतुक ताईंच्या. शिलाई मशीनवर बसलं, तरी बहीणभावाचं हसणं कानावर आलं की हिचा टाका वाकडा जायचा.

"डॉक्टरांना एकदा विचारू या," ती सुरुवातीलाच म्हणाली होती.

"झाडपाल्यानं काय होतंय? तुला ताईचं काही बघवत नाही."

ते खरंच होतं. म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

पुढे त्याचे डोळे पिवळट दिसू लागले. तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले आणि डॉक्टरीणबाईंनी केमो पुढे ढकलली. "आमच्या औषधांखेरीज काही घेताय?"

"छे," नवरा म्हणाला.

तिने पिशवीतून बाटली आणि गोळ्यांची डबी काढून टेबलावर ठेवली. नवऱ्याकडे बघितलं नाही.

"यानंच झालं असं लगेच म्हणता येणार नाही," डॉक्टरीणबाई डबी न्याहाळत म्हणाल्या. "पण काही वनस्पती यकृताला बाधतात, काही केमोच्या औषधाच्या आड येतात. यात काय काय आहे तेही धड लिहिलेलं नाही. दोन्ही बंद करा. आणि असलं काही घ्यायच्या आधी विचारत जा."

घरी हे ऐकून ताईंनी आणलेली बाटली पुन्हा पिशवीत घातली. त्यांचा उतरलेला चेहरा बघायची हिने किती वाट पाहिली होती! पण नवरा ताईंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मीच मागायचो गं. तुझा काय दोष?" हिच्याशी मात्र तो धड बोलेना.

आकडे उतरले, केमो पुन्हा सुरू झाली. ताई आता रिकाम्या हाताने यायच्या. एकदा त्याला उलटी होऊ लागली, तशी त्यांनी धावत बादली धरली. त्याने त्यांचा हात बाजूला केला. "तू नको. तिला बोलाव."

ती मशीनवरून उठून आली. ताई दाराशी सरकल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते तिने नेमकं ओळखलं. क्षणभर तिला बरं वाटलं, अगदी मनापासून.

मग ती म्हणाली, "ताई, बादली मी धरते. तुम्ही पाठीवरून हात फिरवा."