पोटात शिसं घेतलेली मुळी

मी सूर्यफुलाची मुळी बोलतेय. फुलाचं कौतुक ऐकून तुमचे कान किटले असतील. आता खाली लोंबकळून जिनं विष गिळलं, तिचंही ऐका.

मी माती कधी पाहिलीच नाही. बॅटरीच्या कारखान्यामागे सांडपाण्याचं टाकं आहे. त्यावर तराफा, तराफ्याला भोकं आणि भोकांतून पाण्यात सोडलेल्या आम्ही मुळ्या. पाण्यात शिसं. तुम्हीच ओतलेलं, तुम्हालाच नकोसं झालेलं. कणाकणानं ते आम्ही ओढून घेतलं. पाणी निवळलं. मॅनेजरांनी फुलांसोबत फोटो काढून घेतले. वाकून खाली पाहिलं कुणी?

पोट भरलं तसं आम्हाला उपटलं. केमिस्टबाईंनी घट्ट झाकणाची पिंपं मागवली. आमची रवानगी घातक कचऱ्यात व्हायची होती. मॅनेजर हसले.

"अहो ताई, झाडानं विष पचवलंय. आता ते खत! कँटीनच्या वाफ्यात घाला."

पचवलंय! या एका शब्दानं घात केला.

"साहेब, तिजोरीनं दागिने पचवले असं म्हणता का कधी?" ताई कडाडल्या. "शिसं कुठंही गेलेलं नाही. पाण्यातून मुळीत आलंय, एवढंच."

"फार शिकलात! पाहुणे यायचेत. पिंपं दाखवू का त्यांना?"

मला वाळवून गोणीत कोंबलं. वर चिठ्ठी डकवली, 'नैसर्गिक'. लाज कशी ती नाहीच!

कँटीनच्या मावशी पालकाचा वाफा खणून वाट पाहत होत्या. कामगारांच्या रक्तात शिसं आधीच कमी नाही, त्यात त्यांच्याच ताटात हा पालक पडणार होता. ताई तरातरा आल्या, गोणीवर ठाण मांडून बसल्या आणि मावशींना सगळं सांगितलं. मागोमाग मॅनेजरही आले. मावशींनी कुदळ टेकवली.

"असं का? मग साहेब, पहिली जुडी तुमच्या घरी धाडते. सूनबाई बाळंतीण आहेत ना? पालक चांगला त्यांना."

मॅनेजरांना एकदम फोन आला. वाजला मात्र नव्हता.

गोणी अजून तिथंच आहे, वाफ्यापासून हातभर. उद्या ते ताईंची बदली करतील, मावशींना दटावतील. असली माणसं मी ओळखून आहे. म्हणून तुम्हालाच बजावते. मातीची ओढ नाही अशी मुळी जगात नसेल. तरीही मला मातीत घालू नका. आणि कुणी विचारलंच, "टाकायचं का वाफ्यात?", तर माझंच नाव घेऊन ठणकावा:

मुळीच नाही!