सरकीच्या गोदामाचं दार

मैनाबाई दर वर्षी दसरा झाला की नांदगाव खंडेश्वराच्या आसपासच्या चौदा बाया घेऊन अमरावतीला यायची. कापसाच्या हंगामात तिथल्या एका जिनिंगमध्ये या बाया रेच्यावर बसत, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला कापूस चारत. मैनाबाई त्यांची मुकादमीण. गावात भाजीपाल्याचा मळा होता, वांगी-मेथीवर घर चालत होतं. पण उन्हाळ्यात विहीर आटली की हातांना काम उरत नसे. त्या दिवसांच्या बेगमीसाठी ही चार महिन्यांची जिनिंग.

जिनिंगच्या फाटकाशी एक पत्र्याची पाटी होती. बायांना सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या पुढं कामावर ठेवू नये, असा सरकारचा कायदा तिच्यावर मराठीत लिहिला होता. बायांपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं. हजेरी लिहिणारा पुंजाराम मैनाबाईला एकदा म्हणाला होता, "बाई, माह्या वहीत तुमी रोज सहाले घरी गेल्या असता." मैनाबाई हसली होती. वहीतल्या बाया घरी जात, खऱ्या बाया पहाटे पाचच्या भोंग्याला येऊन रात्री आठपर्यंत रेच्यापुढं बसत. कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या असल्यावर मॅनेजर महादेवरावाला कायदा आठवत नसे, आणि आठवण करून द्यायची सोय नव्हती. पुढच्या हंगामात तिची जागा घ्यायला दुसऱ्या मुकादमणी वाटच पाहत होत्या.

इन्स्पेक्टर आला तर काय करायचं, तेही ठरलेलं होतं. फाटकावरचा चौकीदार घंटेचे दोन टोले द्यायचा, मैनाबाईनं बायांना मागच्या सरकीच्या गोदामात न्यायचं आणि साहेब जाईपर्यंत गप बसायचं. मागच्या दोन हंगामांत दोनदा तसं झालं होतं. साहेब स्टेशनावर उतरला की टांगेवाल्यांकडून खबर यायची, साहेब चहा पिऊन हजेरीची वही बघायचा आणि जायचा.

१९३६ सालच्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी, दिवे लागून तास झाला असेल, दोन टोले पडले. या वेळी खबर अगोदर आली नव्हती; साहेब रेल्वेनं न येता मोटारीनं आला होता. महादेवराव धावत मागं आला. "चला, चला, आत व्हा," म्हणत त्यानं बायांना गोदामात ढकललं, दार ओढलं आणि बाहेरून कडी लावून कुलूप घातलं. कुलूप याआधी कधी घातलं नव्हतं.

आत मिट्ट काळोख. सरकीचा ढीग छपरापर्यंत गेलेला, पाय ठेवला की धूळ उठे. त्या चौदा जणींत तानुबाई सगळ्यात वयस्क. तंतू नाकातोंडात जाऊन आठ दिवसांपासून ती खोकत होती. काही वेळ तिनं पदर तोंडात कोंबून खोकला दाबला. मग खोकला थांबला आणि श्वासाची नुसती शिटी ऐकू यायला लागली. मैनाबाईनं चाचपडत तिच्या छातीवर हात ठेवला. छाती भात्यासारखी हलत होती, पण हवा काही आत जात नव्हती.

"तानुबाई, बोल वो," ती कुजबुजली.

तानुबाईनं तिचं मनगट धरलं, एवढंच. ते धरणंही हळूहळू सैल पडत होतं.

मैनाबाई उठली आणि दाराकडं सरकली. शकुन नावाची तरुण बाई तिच्या लुगड्याला धरून म्हणाली, "नोको, मैनाबाई. सायेबानं पायलं त सगळ्याईचं काम जाईन. माह्या घरी खायले दाणा नाही."

मैनाबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. या चौदा घरांच्या चुली तिच्याच शब्दावर होत्या. दारावर हात मारला की मुकादमी गेली, आणि अमरावतीतल्या एकाही जिनिंगमध्ये पुन्हा कुणी उभं करणार नाही. मागून ती शिटी आली, आधीपेक्षा बारीक.

"काम जाईन त दुसरं पाहू," ती म्हणाली. "हे बाई गेली त तिच्या घरच्याईले मी काय सांगू?"

कोपऱ्यात सरकी ओढायचं लाकडी फावडं होतं. ते उचलून तिनं दारावर हाणायला सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन घावांनंतर शकुनही तिच्या शेजारी येऊन मुठींनी दार बडवू लागली.

बाहेर महादेवरावाचा आवाज आला. "काही नाही साहेब, सरकीचा ढीग घसरला असेल."

"सरकी दार वाजवते का हो?" हा आवाज अनोळखी होता, शांत. "उघडा."

"चावी मालक शेठजींकडे आहे."

मग पुंजाराम बोलला. आवाज कापरा होता, पण शब्द स्पष्ट होते. "चावी मॅनेजर साहेबाईच्या कोटाच्या खिशात हाये."

दार उघडलं. दोघींनी तानुबाईला उचलून अंगणात, मोकळ्या हवेत आणलं, पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. मैनाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तानुबाईनं एक मोठा, खरवडल्यासारखा श्वास ओढला, लागून दुसरा, आणि ती रडायला लागली. तिला रडता येतंय हे बघून मैनाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

इन्स्पेक्टर नागपूरकडचा, चष्मेवाला माणूस होता. तो तिच्यापुढं उकिडवा बसला. "बाई, आज कामावर किती वाजता आलात?"

"पाचच्या भोंग्याले. अजून सुटलोच नाही, सायेब."

त्यानं सगळं लिहून घेतलं, लिहिलेलं वाचून दाखवलं, तेव्हा कुठं अंगठा मागितला. अंगठा टेकवण्याआधी मैनाबाईनं विचारलं, "माह्या बायाईले उद्या काढून टाकलं त?"

साहेबानं चष्मा काढला. "खोटं सांगत नाही बाई. हा कायदा तासांचा आहे. कामावरून काढू नका, असं त्यात लिहिलेलं नाही. पण या हंगामात मी परत येणार आहे, आणि कधी ते कुणाला सांगणार नाही."

मैनाबाईनं अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं तेच झालं. महादेवरावानं त्यांना फाटकातच अडवलं. बाया कडुनिंबाखाली बसून राहिल्या. आत चौदा रेचे बंद होते आणि बाहेर गाड्यांची रांग वाढत होती. महादेवरावानं गावभर माणूस पाठवला. पण ऐन हंगामात मोकळ्या बाया कुठून मिळणार? सगळ्या कुठं ना कुठं लागलेल्या. गाडीवान ओरडू लागले, दोघांनी तर बैल दुसऱ्या जिनिंगकडं वळवले.

दहाच्या सुमारास मालक खुशालराव शेठ स्वतः आले. त्यांनी मैनाबाईला बोलावलं. राग चेहऱ्यावर होता, पण आवाजात नव्हता.

"सातले यायचं, सहाले जायचं. मधात एक तास सुट्टी. झालं?"

"तानुबाईले रेच्यावर बसवू नोका," मैनाबाई म्हणाली. "तिले अंगणात कापूस निवडाले द्या. अन् गोदामाले कुलूप घालनं बंद."

शेठजींनी महादेवरावाकडं पाहिलं. "बरं," शेठजी म्हणाले.

पुढं कोर्टात जिनिंगला दंड झाला, असं पुंजारामानं सांगितलं. किती, ते मैनाबाईनं विचारलं नाही. पुंजारामाला मात्र आता वहीत आणि डोळ्यांपुढं एकच वेळ दिसत होती, त्याचं त्याला फार बरं वाटत होतं.

नवी वेळ लागली त्या पहिल्या दिवशी सहाचा भोंगा झाला तेव्हा बाया जागच्या हलल्याच नाहीत. चुकून वाजला असेल, असं त्यांना वाटलं. मग शकुन उठली आणि फाटकाबाहेर जाऊन थांबली. आकाशात अजून उजेडाची पट्टी होती.

"आता काय करावं वो?" तिनं विचारलं.

"बाजार उठला नसन अजून," तानुबाई म्हणाली. आवाज घोगरा होता, पण बोलणं सलग होतं.

त्या बाजारात गेल्या. मैनाबाईनं वांगी हातात घेऊन उगाच दोष काढले, विकणारीशी हुज्जत घातली आणि शेवटी घेतलीच. चुली पेटल्या, भाकरी झाल्या. किती दिवसांनी सगळ्या जणी एका वेळी, गरम गरम जेवायला बसल्या. जेवता जेवताच शकुन पेंगायला लागली. तानुबाईनं शकुनच्या हातातला घास तिच्याच तोंडाशी नेला, आणि पंगतीत एकदम हसू फुटलं.