हौशीराम आबांचा इसार

बेल्ह्याच्या बैलबाजारात हौशीराम आबांनी पसंत केलेला बैल दुसरा कुणीही डोळे झाकून घेतो. आबा दात बघतील, शेपटी पिळतील, चार पावलं चालवतील आणि मालकालाही ठाऊक नसलेली खोड सांगतील. माझी चहाची गाडी समोरच लिंबाखाली असते, त्यामुळे दर सोमवारी हा खेळ मला फुकटात.

त्या सोमवारी मात्र भागुजीचं डोकं तापलं होतं. भागुजी आमच्या आळीतला, जीप चालवतो. त्याची प्रज्ञा डॉक्टर झाली. पुढं कशात शिकायचं, ते संध्याकाळी पाचच्या आत मोबाईलवर भरायचं होतं. मार्क असे, की पुण्यात कातडीची डॉक्टर व्हायला जागा मिळत होती. पोरीला व्हायचं होतं सर्जन, आणि तेही इकडंच परत येऊन.

"कातडीच्या डॉक्टरला रगत न्हाई, रातची हाक न्हाई," भागुजी मला म्हणाला. "आन् ही म्हणती, मी प्वाटं फाडणार! हितं कोण येतंय तुझ्याकडं? आपली माणसं मरतील, पर सुरीखाली झोपायची न्हाईत."

"झोपतील, दादा," प्रज्ञा चहा फुंकत म्हणाली.

"एक माणूस कबूल करून दाखव. मग भर काय भरायचं ते!"

तेवढ्यात समोर आबा बैलाचे खूर बघायला वाकले आणि मधेच थांबले. हात हळूच धोतराकडं गेला, जांघेत काहीतरी दाबून आत सारलं, आणि पुन्हा खूर बघणं सुरू. नऊ वर्षं त्यांचं आतडं असं उतरत होतं आणि ते लंगोट आवळून फिरत होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, म्हणतात ना, त्यातली गत.

प्रज्ञा उठली. "आबा, चार पावलं चाला बगू. आता खोका."

सगळा बाजार हसला. आबा लाजले. "म्हाताऱ्या बैलाचं काय बगतीस, पोरी?"

"हर्निया हाय, आबा. एक दिवस अडकंल. रखमाजी तात्या कशानं गेले?"

हसणं थांबलं. रखमाजी म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. त्याचं आतडं असंच अडकलं, आणि पुण्याला नेताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तो गेला. जीप भागुजीची होती, आणि तात्याचं डोकं अकरावीतल्या प्रज्ञाच्या मांडीवर होतं.

"ऊस तुटला की बगू," आबा पुटपुटले.

"मग सौदाच करू," म्हणत तिनं आबांच्या उपरण्याखाली हात घातला.

बैलाचा भाव आमच्याकडं तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून ठरवतात. पण पोरीबाळीनं हात घातलेला आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

"पैसं न्हाई, आपरेशनचे दिवस मोजायचे, आबा."

उपरणं हललं. आबांनी मान झटकली, ओठ चावले. प्रज्ञा हात सोडीना.

"तीन दिवस!" शेवटी आबा ओरडले. "बेस्तरवार! पोरगी न्हाई, दलाल हाय ही!" गुरुवारी तालुक्याच्या दवाखान्यात पुण्याचा सर्जन येतो. "पर थांब. त्या डॉक्टरला म्या वळखत न्हाई, तुझ्या शब्दावर जातोय. म्होरं माणसांनी कुणाच्या शब्दावर जायाचं? तू कवा येणार?"

आता उपरण्याखाली तिनं बोटं दाबली. आबांनी ती चाचपली. "तीन वर्सं?"

"शिकायला तेवढी लागत्यात."

आबांनी तिच्या हातावर हात मारला, कनवटीचं दहाचं नाणं काढून तळव्यावर ठेवलं. "ह्यो इसार."

इसार दिलेला सौदा आमच्या बाजारात बापालासुद्धा मोडता येत नाही. भागुजीनं एकदा पोरीकडं, एकदा आबांकडं पाहिलं आणि मला म्हणाला, "चहा दे. कडक." प्रज्ञानं माझ्या गाडीवर टेकूनच फॉर्म भरला.

गुरुवारी आबांना भागुजीनंच जीपमधून नेलं. दुसऱ्या दिवशी तो गाडीवर आला तो हसतच.

"अरं, डॉक्टरनं तपासलं. म्हणाले, आबा, उजवीकडचा मोठा हाय, पर डावीकडंबी बारका हर्निया हाय. दोन्ही एकदमच उरकू. तर म्हातारा टेबलावर उठून बसला!"

"आन् मग?"

"म्हणाला, उजवी खुशाल फाडा, सायेब. डावीचा इसार झालाय."