बिनकामाचा भाग

“फौजेचा पयला नियम, डॉक्टरीणबाई. बिनकामाचं ओझं अंगावर ठिवायचं न्हाई,” सुभेदार नाथाजींनी सांगलीच्या दवाखान्यात छाती काढून सांगितलं. “म्हनून ह्या पोराचं अपेंडिक्स सा वर्सांचा असतानाच काढाय लावलं. नुसतं पोट दुखत हुतं. सातारचा डॉक्टर म्हनला थांबून बघू. आपन कशाला थांबतोय.”

डॉ. उमांनी पेन खाली ठेवलं. “आजोबा, मला नेमकं तेच हवं होतं.”

काढलेली छाती आत जायला थोडा वेळ लागला.

नातू शिवतेज अकरा वर्षांचा. जन्मतःच मणका उघडा, त्यामुळे लघवी आली-गेली कळतच नसे. मूत्राशय आक्रसून लिंबाएवढं झालेलं, ते सतत गळायचं. उरलेली लघवी उलटी चढून एक किडनी निकामी झाली होती. बाप सरहद्दीवर, आई कंपनीत पाळीला. लघवी काढायला दर चार तासांनी नळी घालायची ड्यूटी सुभेदारांची. मधल्या सुट्टीत ते शाळेतही जायचे. तरी चड्डी ओलीच. वर्गातली पोरं त्याला ‘टँकर’ म्हणायची.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करायचं, खालचं तोंड आवळायचं आणि अपेंडिक्सची वाट करून ती बेंबीत उघडायची. मग पोरगा तिथून स्वतःच नळी घालेल.

“आता ती वाटही आतड्याचीच करावी लागेल. वेळ जास्त, आणि पुढे अडचणींची भीतीही जास्त.”

“माजं चालंल का?” नाथाजी म्हणाले. “सत्तरीतलं हाय, पर वापरल्यालं न्हाई.”

“नाही, आजोबा.”

सहा तासांचं ऑपरेशन नऊ तास चाललं. नाथाजी बाकावर ताठ बसून होते. चार तास झाले की सवयीनं उठायचे, बंद दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

दीड महिन्यानं वाट वापरायला मोकळी झाली. सिस्टरनी शिकवलं. साताऱ्यात घरी आल्यावर पहिल्या वेळेला सुभेदार साबण, टॉवेल आणि घड्याळ घेऊन न्हाणीच्या दारात हजर.

“हात धुतलं? श्वास सोड. दाबू नगंस.”

नळी बेंबीत अर्ध्यावर अडली. “आन हिकडं,” म्हणत नाथाजींनी हात पुढं केला.

शिवतेजनं नळी सोडली नाही. जरा थांबला, किंचित फिरवली. ती आत सरकली आणि बादलीत धार वाजू लागली. नाथाजींनी वाकून चड्डी चाचपली. कोरडी ठाक होती. ते तिथंच उभे राहिले, हातात घड्याळ.

“आबा.”

“काय रं?”

“भाईर जाता का? आन दार वडून घ्या.”