मुंडकी कोरणारी छिन्नी

मित्रांनो, मी एक जुनी छिन्नी आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिट्बी गावातल्या लोहाराने एका मोडक्या कानशीतून मला घडवले. टोक बारीक, लांबी वीतभर. जन्मभर मी एकच काम केले. सापांना मुंडकी दिली.

घाबरू नका, साप दगडाचे होते. आमच्या समुद्रकड्यातून वेटोळ्यांचे दगड निखळून पडतात. हिल्डा साध्वीने सापांना शाप दिला आणि ते दगड झाले, असे गावात सगळे मानत. पण या सापांना मुंडके नसे. मग माझा मालक जेथ्रो हारलँड वेटोळ्याच्या बाहेरच्या टोकाला दोन डोळे आणि एक तोंड कोरून द्यायचा. बोटीने येणारे पाहुणे म्हणायचे, "अरे बापरे, आता फुसकन अंगावर येतोय की काय!" जेथ्रो खूश होऊन मला सदऱ्याला पुसायचा. तेव्हा मला फार अभिमान वाटे. आता काहीच वाटत नाही, म्हणून पुढचे सांगायला सोपे जाते.

जेथ्रोची मुलगी टॅबिथा ओहोटीच्या वेळी कड्याखाली दगड वेचायची. तिचा सापांवर विश्वास नव्हता. यॉर्कहून स्लेटर नावाचे एक अभ्यासक यायचे. हे साप नव्हेत, फार जुन्या समुद्रजीवांचे शंख आहेत, असे त्यांनीच तिला सांगितले होते. "पण प्रत्येक शंखाचं तोंड फुटलेलं मिळतं गं," ते एकदा आमच्या अंगणात म्हणाले. "तोंडाचा काठ शाबूत असलेला एक शोधून दे. माझ्या पुस्तकात त्या जातीला तुझंच नाव देईन."

दगड वेचणाऱ्या बाईचे नाव पुस्तकात! टॅबिथाने तीन हिवाळे कड्याखाली काढले. बोटे फुटली, खोकला जडला. गावातल्या बाया म्हणायच्या, "हिला नवरा नको, गोगलगाय हवी!" ती हसून सोडून द्यायची.

अखेर फेब्रुवारीत तो सापडला. तोंडाचा काठ पातळ होता, एका बाजूला जिभेसारखा पुढे आलेला, आणि कुठेही टवका नव्हता.

"बाबा, तीन वर्षं गेली याच्यापायी," ती म्हणाली. "साहेब आज गाडीने येताहेत. मी त्यांना घेऊन येते. तोवर हा नीट ठेवा हं."

"अगं, तू जा बिनघोर. मी आहे ना."

काठाबद्दल ती काही बोलली नाही. बापाला एवढे ठाऊक असेलच, असे तिला वाटले असावे.

ती गेल्यावर जेथ्रोने दगड उजेडात धरला. "काय ही पोरगी! एवढ्या मोठ्या माणसाला बिनमुंडीचा साप देणार? आपली लाज जाईल," तो स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने मला उचलले.

मित्रांनो, पहिल्या घावाला तो काठ उडाला. नंतर मी आयुष्यातले सर्वांत देखणे मुंडके कोरले. जेथ्रोने खवलेसुद्धा काढले. उडालेल्या कपच्या त्याने झाडून शेगडीच्या राखेत टाकल्या.

टॅबिथा साहेबांना घेऊन दारात आली. जेथ्रोने दगड पुढे केला. "बघा साहेब! राजाच्या टेबलावर शोभेल की नाही?"

साहेबांचा चेहरा पडला. "हे कोणी..."

"माझ्या बाबांनी," टॅबिथा मध्येच म्हणाली. "असा हात अख्ख्या किनाऱ्यावर कुणाचा नाही." तिचा आवाज अगदी सपाट होता. ती किंचाळली असती, तिने मला समुद्रात फेकले असते, तरी चालले असते. ती आत गेली आणि तिने चहाचे पाणी ठेवले. जेथ्रोने आग्रह करून तो दगड साहेबांना भेट दिला. साहेबांना नाही म्हणता आले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जेथ्रोने हट्टच धरला. साहेबांनी यॉर्कच्या संग्रहालयात ठेवलेला आपला साप बघायचा. "छिन्नीलाही दाखवू," म्हणून त्याने मला टॅबिथाच्या टोपलीत टाकले. जिन्यात त्याला धाप लागली, म्हणून टॅबिथा पुढे गेली. तिथल्या रखवालदाराने कपाटावरची चिठ्ठी तिला वाचून दाखवली. "'खोटे दगड. बनवणारा, जे. हारलँड.' फसवे लोक हो, दुसरं काय!"

मागून जेथ्रो आला. त्याला वाचता येत नव्हते. "काय लिहिलंय गं? तुझं नाव आहे ना?"

"आहे बाबा," टॅबिथा म्हणाली. "'शोधला टॅबिथाने, सजवला जेथ्रोने.' असं लिहिलंय."

जेथ्रोच्या डोळ्यांत पाणी आले. रखवालदार खाली बघत बाजूला झाला. परतताना गाडीत जेथ्रो प्रत्येक उतारूला ती ओळ म्हणून दाखवत होता. मरेपर्यंत तो ती सगळ्यांना सांगत राहिला आणि दर वेळी टॅबिथा मान डोलवत राहिली.

आता मी खिडकी वाजू नये म्हणून फटीत ठोकलेली असते. गंज चढला आहे. माझी तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे, मित्रांनो. दुसऱ्याची वस्तू सुंदर करायला घ्याल, तेव्हा आधी त्याला विचारा. माझ्याकडून ते झाले नाही, कारण मी लोखंड आहे. जेथ्रोला विचारता आले असते. त्याने फक्त प्रेम केले.