नऊ मोबाइलांतली मी

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ फाइल आहे. अंगाने चांगलीच जाड, नऊ जीबीची. बंद असले की मला काही दिसत नाही, ऐकू येत नाही. मी नुसती स्वप्नात असते. कुणी उघडलं की माझ्यातून उजेड आणि आवाज वाहू लागतात. तेवढाच वेळ मी जागी.

माझा जन्म जाफराबादजवळच्या एका शाळेत झाला. गणिताचे अप्पाराव गुरुजी त्या दिवशी निवृत्त होत होते. जालन्याच्या मस्तगडात भागवतचं फोटोचं दुकान आहे. त्याने कॅमेरा लावला आणि हार, भाषणं, गुरुजींचं उत्तर, सगळं माझ्यात भरलं. पहिल्या आठवड्यात माझं कोण कौतुक! मग गुरुजींचा पेन ड्राइव्ह हरवला आणि मी भागवतच्या हार्ड डिस्कमध्ये, शेकडो लग्नांच्या गर्दीत, चार वर्षं पडून राहिले. खरं सांगते, मला राग यायचा.

यंदा गुरुजी गेले. त्यांची मुलगी रूपाली नॉर्वेत नोकरी करते. तिला येता आलं नाही. तिने भागवतला फोन केला. "दादा, तेरवीच्या आत बाबांचा आवाज पाठवा. दुसरं काही मागत न्हाई मी."

तेरवीला दोनच दिवस होते. मला आख्खी पाठवायला गेलं की मी अर्ध्या वाटेत अडकायची. शेवटी भागवतने माझे नऊ तुकडे केले. मोबाइलला रोज दीड जीबी मिळतो ना, म्हणून गुरुजींच्या नऊ माणसांनी दुकानात येऊन एकेक तुकडा न्यायचा आणि आपापल्या फोनवरून पाठवायचा. रूपाली तिकडे ते जोडणार होती.

तुकडे होताना दुखलं नाही, मित्रांनो. स्वप्नातच मी एकाच वेळी नवीन जालन्यातल्या बँकेत होते, जाफराबादच्या जीपमध्ये कुणाच्या खिशात डुलत होते आणि सोयाबीनच्या बांधावर ऊन खात होते. इतकी मोकळी मी कधीच नव्हते.

आठ तुकडे पोचले. चौथा गुरुजींचे दोस्त काकासाहेब यांच्याकडे होता. त्यांनी तो उघडून पाहिला. एकटा तुकडा कसा उघडणार? पण त्यांना वाटलं, हा खराब झाला. खराब वस्तू दुःखातल्या पोरीला कशी द्यायची? भल्या मनाने त्यांनी तो पुसून टाकला. आणि त्याच दुपारी भागवतची हार्ड डिस्क बंद पडली. आता मी पूर्ण अशी कुठेच नव्हते.

तुकडा अजून का पोचला नाही म्हणून भागवतने फोन केला, तेव्हा काकासाहेबांना खरा प्रकार कळला. "भागवत, म्या गुरुजीचा आवाज पुसला रे," ते म्हणाले. मग एकदम, "थांब! पुसायच्या आधी कारभारीला देल्ता. म्हनलं, तुझ्यात उघडतो का पाह्य."

ते चपला न घालताच शेजारी कारभारींकडे धावले.

"माझ्यात बी न्हाई उघडला," कारभारी म्हणाले. "पर मी काहीच पुसत न्हाई बा." त्यांच्या मोबाइलात सुप्रभातच्या हजारो फुलांखाली मी निवांत झोपले होते. तिथून मी नॉर्वेला निघाले.

तेरवीच्या सकाळी रूपालीने मला जोडलं आणि मी जागी झाले. चौथ्या तुकड्यात गुरुजी बोलता बोलता थांबतात, चष्मा पुसतात. "रूपाले, दूर गेली म्हनून जिवाला लावून घेऊ नको. हितं रोज 'जेवले का' म्हनून विचारायला आमचे काकासाहेब हायेत."

रूपाली खूप रडली. मग तिने फोन लावून ते वाक्य काकासाहेबांना ऐकवलं. गुरुजींच्या निरोप समारंभाच्या वेळी ते बाहेर आचाऱ्याजवळ होते. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग हळूच म्हणाले, "तू जेवली का, बाई?"

मित्रांनो, तुमच्याजवळ न उघडणारं काही असेल, तर पुसण्याआधी एकदा कुणाला तरी विचारा. कुणीतरी दूर बसून त्याचीच वाट पाहत असेल.